थोडा वेळ म्हणजे किती?

"गाडी बंद पडल्यावर परत किती वेळानं चालू झाली?" मेकॅनिक चाचांनी विचारलं.

"थोड्या वेळानं," माझा धाकटा भाऊ म्हणाला.

"थोडा वेळ म्हणजे किती?"

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आदल्या पहाटे आम्ही दोघंही त्या पिकअपमध्ये होतो. मागे हौद्यात ऐंशी पेट्या हापूस, वर ताडपत्री, आणि उजाडायच्या आत कराड गाठायचं. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाला लागलो आणि चौथ्या की पाचव्या वळणावर गाडीनं पहिला गचका खाल्ला. मग दुसरा. इंजिनाचा आवाज एकदम पोकळ झाला, बोलता बोलता घास अडकावा तसा. क्षणभर सावरला आणि मग तीन-चार आचके देऊन गाडी गप्प झाली. बाहेर मिट्ट काळोख, रातकिडे, तापलेल्या इंजिनाची टक टक, आणि ताडपत्रीखालून येणारा पिकत आलेल्या आंब्याचा वास. धाकट्यानं दोन-तीनदा सेल मारला, तोंडात आलेली शिवी माझ्याकडे बघून गिळली, खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. मी मोबाइलचा उजेड धरला, तो बॉनेट उघडून प्राइमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, दाबत राहिला. मग कधीतरी पुन्हा सेल मारला तर काही झालंच नाही अशा थाटात गाडी चालू झाली आणि एका दमात वर चढली. हेळवाकला टपरीवर चहा घेताना आम्ही त्यावर चकार शब्द बोललो नाही. मालाला उशीर झाला होता, एवढंच डोक्यात होतं. आता चाचा विचारत होते तर दोघांतल्या एकालाही सांगता येईना की ती पाच मिनिटं होती, दहा होती की वीस.

हा प्रश्न मला आधीही एकदा विचारला गेला होता. तेव्हाही मी हेच उत्तर दिलं होतं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 2006 साली घेतलेली. त्याआधी सतरा वर्षं त्यांनी दुसऱ्याचा टेंपो चालवला, त्यामुळे स्वतःच्या गाडीचं पहिलं चाक दारात लागलं तेव्हा त्यांनी लिंबू चिरडताना डोळे मिटून घेतले होते, ते मला अजून दिसतं. एप्रिल-मेमध्ये गुहागर-चिपळूणकडचा आंबा वर घाटावर न्यायचा, येताना कराडहून कांदा, गूळ, काय मिळेल ते भाडं आणायचं. शाळेला सुटी लागली की मी केबिनमध्ये. त्या केबिनला डिझेल, पेंढा आणि उदबत्तीचा मिळून एक वास होता. अण्णा एरवी फार बोलायचे नाहीत, पण गाडी चालू असताना मध्येच बोट वर करायचे. म्हणजे मी ऐकायचं. एकदा त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवून मूठ माझ्या कानाला लावली होती. आतून ठाक ठाक ठाक असा एकसारखा ताल आला, इतका जवळून की मी मान मागे घेतली. "चौघांचा आवाज सारखा यायला हवा," ते म्हणाले. "एक जरी मागे पडला तरी बाकीच्या तिघांना ओढावं लागतं."

पुढे पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, आणि गाडीच्या आवाजाशी असलेला माझा संबंध फोनवरून मागे ऐकू येणाऱ्या घरघरीपुरता उरला. त्या घरघरीत मी त्यांना "जेवलात का" एवढंच विचारायची.

मग 2021 चा पूर आला. 22 जुलैची रात्र आणि दिवस चिपळूणच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. आई आणि अण्णा शेजाऱ्यांच्या माळ्यावर चढले, वाशिष्ठी आमच्या ओटीवरून गेली आणि पिकअप स्टिअरिंगपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर मी आणि नवरा कसेबसे पोचलो तेव्हा गाडी गाळात रुतून बसली होती, वायपरला कुणाच्या तरी साडीचा काठ अडकलेला. सगळ्या गावाला एकच वास येत होता. अण्णांनी चावी काढून खिशात टाकली होती आणि कुणालाही हात लावू देत नव्हते. नवऱ्यानं सहज म्हटलं, एकदा सेल मारून बघू या का? अण्णा त्याच्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे ओरडले. कारण मला नंतर चाचांनी सांगितलं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल आणि तुम्ही सेल मारला, तर दट्ट्या वर येतो, पण पाणी काही दबत नाही. मग कुणीतरी वाकायलाच हवं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अण्णा आणि चाचांनी डिझेल फवारणारे चारही नोझल उघडले, इंजिन हातानं फिरवलं, तेव्हा भोकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. खालचं ऑइल सोडलं तर ते दुधाळ चहासारखं झालेलं. तीनदा ऑइल बदललं. टाकी खाली उतरवायला मात्र कुणाला सवड झाली नाही. तळाचा बूच काढून पाणी-गाळ सोडला, नवं डिझेल घातलं, जुना फिल्टर फेकला आणि गाडी चालू झाली. त्या दिवसांत गाडी चालू होणं हीच बातमी होती. टाकीत काय राहिलं असेल, याचा विचार कोण करणार?

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर अण्णा फोनवर म्हणाले होते, "गाडी कधीकधी आचके देते गं." मी म्हटलं, "पंधरा वर्षं झाली, आता विकून टाका." पुढे ते त्या विषयावर बोलले नाहीत. मीही नाही.

आता चाचांच्या गॅरेजमध्ये दोन दिवस बसले तेव्हा मला त्या वाक्यातला 'कधीकधी' पहिल्यांदा नीट ऐकू आला. बहादूरशेख नाक्याच्या पुढे त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. सत्तरीचे आहेत, आता फक्त जुन्या गाड्या घेतात, पोरं नव्या गाड्यांना वायर लावून लॅपटॉपवर बिघाड वाचतात ते लांबून बघतात. आमच्या गाडीला तशी सोय नाही. तिच्यात ना सेन्सर ना कॉम्प्युटर. तिला विचारायचं तर हातानं आणि कानानंच. धाकट्याला सीझन सोडून थांबता येत नव्हतं, म्हणून मी म्हटलं मी बसते. चाचांनी एक ऑइलचा डबा उपडा घालून वर बनियनच्या चिंध्या पसरल्या. "बस बाय. पण तुला वेळ लागेल. गाडी आत्ता बरी आहे ना. बरी असताना आजार कसा सापडायचा?"

गाडी खरंच बरी होती. दारात उभी करून रेस दिली तर आवाज रेशमासारखा. मधल्या वर्षभरात धाकट्यानं दुसऱ्या एका ठिकाणी पैसा ओतला होता. फिल्टर दोनदा, नोझल चारही, मग पंप काढून कॅलिब्रेशनला. प्रत्येक वेळी गाडी चार दिवस नीट चालायची, सगळ्यांना वाटायचं सापडलं, आणि पाचव्या दिवशी घाटात पुन्हा तेच. चाचांनी कामाची यादी ऐकली आणि मान हलवली. रागानं नाही, दुखल्यासारखी. "हे सगळे पार्ट चांगले होते, बाय. चांगले पार्ट काढून चांगलेच पार्ट बसवले." मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी गार असताना होतं की तापल्यावर? टाकी भरलेली असताना की निम्मी? चढाला की उताराला? भरलेली असताना की रिकामी? धूर येतो का, आला तर काळा की पांढरा? गचका एकाच सिलिंडरचा वाटतो, की सगळं इंजिन एकदम ढिलं पडतं? दहातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला फोन करून धाकट्याकडून मिळाली. बाकी सगळ्याला तो म्हणाला, "ताई, एवढं कोण बघतंय? गाडी बंद पडली की माणूस चालू करायच्या मागे असतो."

दुपारी काम नव्हतं तेव्हा त्यांनी मला आतली गोष्ट समजावून सांगितली. मी बँकेत आहे, यंत्राचं शिक्षण नाही, पण ते सांगत होते ते लख्ख दिसत गेलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा कोंडायची, विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबायची, की ती आपोआप 500 अंशांच्या वर तापते. त्या क्षणी डिझेलचा फवारा आला की भडका. फवारा यायला नोझल उघडायला हवं, आणि नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे पिकअपच्या मागच्या टायरमध्ये असतो त्याच्या पन्नासेक पट. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला हे मिनिटात 1000 वेळा, नेमक्या क्षणी व्हायला हवं. डिझेल दबत नाही म्हणून हे होतं. पंपानं इकडून ढकललं की तिकडे नोझल उघडतं. पण मध्ये हवेचा एक बुडबुडा आला तर पंप ढकलतो आणि तो सगळा जोर बुडबुडा स्वतः दबून खाऊन टाकतो. नोझल मिटलेलंच राहतं. हाच गचका. पुराच्या वेळी पाणी दबत नाही म्हणून घात होणार होता, इथे हवा दबते म्हणून.

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं नीट चाललेलं इंजिन 1897 साली जर्मनीत, आउग्सबुर्गला उभं राहिलं. तेव्हा असे पंप नव्हते आणि त्यात इंधन दाबाखालच्या हवेच्याच झोतानं आत मारलं जाई. गाड्यांच्या कामाचा म्हणावा असा पंप रॉबर्ट बॉश यांनी 1927 पासून मोठ्या प्रमाणावर काढला आणि मग हवेच्या त्या झोताची गरज संपली. ज्या हवेनं आधी इंधन पोचवलं तीच पुढे या इंजिनाची वैरीण झाली. हे वाचल्यापासून मला त्या बुडबुड्याचा राग यायचा थांबला.

अडचण ही की हवा शिरते ती जागा दिसत नाही. टाकी खाली, इंजिन वर. फीड पंप डिझेल ओढून घेतो. दाबाच्या बाजूला पाइप फुटला तर डिझेल गळतं, जमिनीवर डाग पडतो, शेंबडं पोरही बोट दाखवेल. ओढीच्या बाजूला चीर पडली तर बाहेर थेंब येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. सगळं बाहेरून कोरडं, स्वच्छ. चाचांनी टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपावरून बोट फिरवलं, प्रत्येक क्लिप दाबून बघितली, तांब्याचे वॉशर बदलले. काही सापडलं नाही. संध्याकाळी हात पुसत म्हणाले, "उद्या घाटात जाऊ. भरून."

तेव्हा मला 2023 चा मे आठवला. खरं तर सकाळपासून आठवत होता.

अण्णांना छातीत धडधडायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. कधीकधी. मी त्यांना पुण्यात आणलं. डॉक्टर शांत होते, चांगले होते, त्यांनी विचारलं, "हे किती वेळ टिकतं?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. शहरात आले की ते प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे पाहायचे. आणि ज्या गोष्टीच्या वेळी मी एकदाही त्यांच्याजवळ नव्हते तिच्याबद्दल मी म्हणाले, "थोडा वेळ." डॉक्टरांनी तेवढं लिहून घेतलं. ईसीजी सरळ आला. मग हृदयाचे ठोके सतत टिपणारं चोवीस तासांचं होल्टर लावलं, छातीला चिकटवलेल्या वायरी आणि कमरेला डबी. हे यंत्र ज्याच्या नावाचं आहे त्या नॉर्मन होल्टरचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यावं लागे, 30 किलोंहून जड. अण्णांची डबी मुठीत मावत होती. ती लावून ते चोवीस तास माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टनं येऊन-जाऊन, सोफ्यावर बसून होते. नातीबरोबर पत्ते खेळले. हृदय पूर्ण वेळ तालात चाललं. रिपोर्ट हातात आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना श्रीखंड आणलं. जूनच्या शेवटी, पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री, ते चिपळूणच्या घरी झोपेत गेले. कळलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजूनही विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी हौद्यात चिरे भरून घेतले. चाळीस. "रिकामी गाडी खोटं बोलते," ते हेल्परला म्हणाले, आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी एक गोष्ट केली ती मी जन्मात विसरणार नाही. ओढीचा रबरी पाइप फीड पंपाच्या अलीकडे सोडवून तिथे पारदर्शक प्लास्टिकचा पाइप जोडला. तो लांब घेतला, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढला, काचेवरून वळसा घालून परत आत नेला आणि काचेला टेपनं चिकटवला. गाडी चालू केली. डिझेल आमच्या डोळ्यांसमोरून वाहायला लागलं. काकवी पातळ करून नळीत सोडावी तशा रंगाचं, सकाळच्या उन्हात आरपार. एरवी पोटात असणारी गोष्ट समोर काचेवर. त्यांनी माझ्या हातात वही दिली. "तू फक्त घड्याळ बघ आणि लिही. गाडी मी बघतो."

शिरगाव, पोफळी. घाट सुरू झाला, मी वेळ लिहिली. 9.14. पहिलं वळण, दुसरं. पाइपात दोन-तीन बारीक बुडबुडे आले नि गेले. चाचा म्हणाले, ते चालतं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत होतं. 9.23 ला पाइपाचं रूप बदललं. बुडबुडे नाही आले. पाइप चपटा व्हायला लागला. आधी वळशापाशी, मग सगळीकडे, लहानपणी आम्ही पेप्सीकोल्याची पिशवी शेवटाला ओढायचो आणि ती जिभेला चिकटून बसायची, तसा. डिझेलची धार बारीक होत दोऱ्याएवढी झाली. गचका. "लिही," चाचा म्हणाले. आचका, आचका, आणि इंजिन थांबलं. 9.25. हेल्परनं उडी मारून चाकाला दगड लावला. मी बॉनेट उघडायला निघाले तर चाचांनी मनगट धरलं. "कशाला हात लावू नको. बस. बघ."

आम्ही बसलो. बाहेर करवंदीच्या जाळीत कोतवाल ओरडत होता. एक एसटी घरघरत वर गेली, कंडक्टरनं हात करून काय झालं विचारलं, चाचांनी हातानंच सांगितलं काही नाही. चपटा पाइप जसाच्या तसा होता. मग, मी बघत असताना, तो अगदी सावकाश फुगायला लागला. आवाज नाही, काही नाही. रुसलेल्या पोराचे गाल हळूहळू सैल व्हावेत तसा एकेक वीत गोल होत गेला, आणि खालून डिझेल परत भरून आलं. 9.32. चाचांनी सेल मारला, गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली.

सात मिनिटं.

"हवा नाही," ते म्हणाले. "हवा असती तर बुडबुडे आले असते, पाइप गोलच राहिला असता. टाकीत काहीतरी आहे. चढाला जोरात ओढलं की तोंडावर येऊन बसतं. इंजिन थांबलं, ओढ संपली, की सुटून खाली पडतं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या बापाला ठाऊक होतं."

मी पाहिलं त्यांच्याकडे. "ठाऊक म्हणजे काय आहे ते नाही. पण किती थांबायचं ते. चौथ्या वळणावर तो गाडी बाजूला घ्यायचा, टायर बघतो म्हणायचा. तंबाखू मळायचा, खायचा, मग निघायचा. मी दोनदा त्याच्याबरोबर होतो. मला वाटायचं सवय आहे." गाडी बंद पडायच्या आधीच अण्णा तिला थांबवून सात मिनिटं देत होते. दोन वर्षं. धाकट्याला त्यांनी हे कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलंही असेल, कधीतरी, चालता चालता, आणि आम्ही दोघांनी जसं बाकीचं ऐकलं तसं तेही ऐकलं असेल.

टाकी उतरवायला दुपार गेली. डिझेल कॅनमध्ये काढलं, पट्टे गंजले होते ते छिन्नीनं तोडले. वरचा फ्लोट काढून चाचांनी आत बॅटरी मारली आणि तारेचा आकडा सोडला. आधी गाळ आला. मऊ, तांबूस-काळा, वाशिष्ठीचा, इतक्या वर्षांनी. डिझेलच्या वासाखाली त्याचा तो वास मला ओळखू आला आणि पोटात कालवलं. मग आकड्याला काहीतरी लागलं. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा, तीन कोनी, एका कडेला चुण्या पडलेला. दुधाच्या पिशवीचा. अक्षरं डिझेलनं पुसून गेली होती, निळ्या रंगाचा एक पट्टा तेवढा राहिला होता. पाण्यात टाकली असती तर ही पिशवी तरंगली असती. डिझेल पाण्याहून हलकं, त्यात ती बुडते आणि तळाशी, ओढीच्या नळीच्या तोंडाजवळच फिरत राहते. चाचांनी तुकडा नळीच्या जाळीवर ठेवून दाखवला. बरोब्बर बसला.

मी तो साबणानं धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरी निघाले. रिक्षात माझं सगळं जुळून गेलं होतं. पुरात टाकीचं झाकण वाहून गेलेलं, अण्णा चिखलात उभे, हाताशी काही नाही, म्हणून दुधाची पिशवी तोंडाला बांधतात. पुढे कधीतरी कॅननं डिझेल ओतताना ती फाटून आत पडते. त्यांच्या हातची ती चुणी माझ्या मांडीवर होती. मी रडले. रिक्षावाल्यानं आरसा जरा फिरवला.

आई मागल्या दारी बसून फणसाचे गरे काढत होती, हात कोपरापर्यंत खोबरेलानं चकचकीत. मी कागद उघडून तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, बघ, अण्णांनी टाकीला बांधली होती ती.

तिनं वाकून पाहिलं. "ही होय. ही मी बांधली होती." गरा सोलता सोलता म्हणाली, "ह्यांनी चिंधी कोंबली होती तोंडात. म्हटलं पाऊस उभा आहे, चिंधीतनं पाणी झिरपेल. मग पिशवी फाडून वर घातली न् पेपराच्या पुडीचा रबर लावला."

"किती दिवस होती तशी?"

"पूर गुरुवारी. गाडी अंगणात काढली पुढच्या मंगळवारी, तेव्हा बांधली. नवं झाकण आणलंनी ते हरताळकेच्या आधीच्या सोमवारी." ती जरा थांबली. "सहा आठवड्यांना एक दिवस कमी."

मी उंबऱ्यावर बसले. पाटावर गऱ्यांचा ढीग, आठळ्या वेगळ्या. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "आई, अण्णांना धडधडायचं ते किती वेळ असायचं?"

"कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत," ती म्हणाली. "एकदा चार झाल्या. पेट्या उचलल्या की व्हायचं, नाहीतर कॅन घेऊन चढ चढले की. बसून असले की नाही कधी."

डॉक्टरांच्या खोलीत ती दाराजवळच्या स्टुलावर होती, मांडीवर पिशवी धरून. त्या दिवशी माझी पाठ तिच्याकडे होती.

मी काही बोलले नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तेलाची वाटी पायानं माझ्या बाजूला सरकवली. "बसतेस तर लाव हाताला. चीक मग जात नाही लवकर."